एक रतल धान्य

इंग्रजांच्या पौंडाला आपल्याकडील जुन्या कागदपत्रांत रतल म्हटलेले आढळते. ऐंशी तोळ्यांचा शेर धरला तर रतल भरतो एकोणचाळीस तोळे, म्हणजे अर्ध्या शेरालाही तोळाभर उणाच. जोंधळ्याच्या रतलभर पिठाच्या, थापणारीचा हात बेताचा असेल तर, चार भाकरी होतात. आणि दिवसभर कुदळ मारून आलेला कुणबी पहिल्या दोन भाकरी कशा संपल्या हे सांगू शकत नाही, हे ज्याने खेड्यात एक सुगी काढली आहे त्याला निराळे सांगावयास नको. असे असता १८७७ च्या जानेवारीत, हिंदुस्थान सरकारने काटकसरीचा आग्रह धरल्यामुळे, दुष्काळी कामावरील मजुराच्या मजुरीचा पाया म्हणून एक रतल धान्याची किंमत ठरविण्यात आली, आणि तिच्यावर मीठमिरची, सरपण, तेल व अंगावरचे तान्हे मूल यांच्यासाठी आणा-अर्धा आणा ठेवण्यात आला. दुर्बळांच्या तोंडचा घास कमी करावयाचा तर तो कोणत्या युक्तिवादाने करतात आणि त्याचे परिणाम कोणत्या वहीत लिहिले जातात, हे समजून घेण्यास या रतलाइतके सोयीचे उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

१८७६ चा पाऊस दख्खनमध्ये जवळजवळ पडलाच नाही. नगर, सोलापूर, पुणे, सातारा आणि खाली बेळगाव, धारवाड, कलादगी या जिल्ह्यांत खरीप करपले, रब्बीची पेरणी झाली नाही, आणि दिवाळीच्या सुमारास माणसे गावे सोडू लागली. परंतु दुष्काळ सर्वांना एकाच वेळी गाठत नाही, याकडे लक्ष दिल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही. ज्याच्या पेवात धान्य होते तो सहा महिने थांबू शकत होता. ज्याच्याजवळ बैल होते तो ते मातीमोलाने का होईना विकू शकत होता. ज्याची पत होती त्याला सावकार दारात उभे करीत होता. महार-मांगांना, शेतमजुरांना, भटक्या जमातींना, गावच्या विणकराला यांपैकी काहीच नव्हते. बलुत्याचा हक्क हा दुसऱ्याच्या खळ्यावरचा हक्क असतो. खळेच भरले नाही तर त्या हक्काचे मापही रितेच राहते. समाजाच्या कडेला असणे म्हणतात ते हेच, की आपले पोट दुसऱ्याच्या शिलकीवर अवलंबून असावे आणि शिलकीला कात्री लागली की पहिली कात्री आपल्याच पोटाला लागावी.

मुंबई सरकारचे धोरण प्रथम फार वाईट नव्हते. नीरेचा डावा कालवा, दौंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकाम, तलाव, सडका अशी मोठी व पुढे उपयोगी पडणारी कामे काढून त्यांवर लोकांना लावावे, अशी त्या सरकारची तजवीज होती. पण कलकत्त्याच्या खजिन्याची नजर निराळी होती. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस दरबार भरून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले, आणि त्याच महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी मुलखाची पाहणी करून खर्चास आळा घालण्यासाठी रवाना केले.

या टेंपलसाहेबांचा पूर्वेतिहास मोठा उद्बोधक आहे. तीनच वर्षांपूर्वी, १८७४ साली, बिहारातील दुष्काळनिवारणाची सूत्रे याच गृहस्थांच्या हाती होती, आणि त्या वेळी त्यांनी ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणवून, गावोगाव कोठारे उघडून, फारशी अडवणूक न करता लोकांना अन्न दिले. परिणाम असा झाला की त्या दुष्काळात उपासमारीने माणसे जवळजवळ मेलीच नाहीत. एखाद्या राज्यकर्त्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते हवे? परंतु विलायतेत त्यांच्यावर टीकेची झोड उठली ती खर्च फार केला म्हणून. हंगाम सुधारल्यावर लाखभर टन तांदूळ उरला आणि तो विकावा लागला, हा पुरावा. माणसे मेली नाहीत म्हणजे मरणारच नव्हती, हा निष्कर्ष. वाचविलेला माणूस हिशेबात दिसत नाही, उरलेला तांदूळ मात्र दिसतो. टेंपलसाहेब हुशार होते. १८७७ साली दक्षिणेत उतरले ते हा धडा पुरता गिरवून.

कपात करणाऱ्यांच्या मनात नेहमी एक माणूस उभा असतो. तो धट्टाकट्टा असतो, आळशी असतो, घरात त्याने धान्य दडवून ठेवलेले असते, आणि सरकारी कामावर केवळ सावलीत बसून मजुरी घेण्यासाठी तो आलेला असतो. असा माणूस अगदीच काल्पनिक आहे असे मी म्हणणार नाही. प्रत्येक गावात असे दोनचार असतात आणि आपण त्यांना नावानिशी ओळखतो. चूक त्याला मानण्यात नाही, त्याला गाळण्यासाठी जी चाळण तयार करतात तिच्या भोकांत आहे. १८७७ च्या चाळणीत तीन जाळ्या होत्या. काम गावापासून दूर असावे, म्हणजे खरा गरजू तेवढाच येईल, ही पहिली. नेमून दिलेले काम पुरे झाल्याशिवाय पुरी मजुरी मिळू नये, ही दुसरी. आणि मजुरी इतकी असावी की जीव राहावा पण मोह पडू नये, ही तिसरी. कागदावर वाचताना तिन्ही समंजस वाटतात.

आता हीच चाळण एका बाईवर धरून पाहावी. नाव तिचे कोणत्याही दप्तरात नाही. हजेरीपटावर ती फक्त एक उभी रेघ होती. नवरा घाटाखाली पोट भरावयास गेला आहे, सासू अंधळी आहे, एक मूल पाठीशी आणि एक पोटाशी आहे. गावाजवळच्या तलावाच्या कामावर ती खडी फोडीत होती तोवर सकाळी सासूला पाणी-भाकर देऊन जात होती आणि दिवेलागणीला परत येत होती. हुकूम आला की हे काम बंद, आता दोन मुक्काम पलीकडच्या सडकेवर जावे. धट्टाकट्टा आळशी माणूस या हुकुमाने अडला नाही. तो एक तर घरी बसून दडविलेले धान्य खाऊ लागला किंवा खांद्यावर घोंगडे टाकून सडकेवर गेला. अडली ती ही. सासूला मागे टाकावे तर म्हातारी मरते, नेऊ म्हणावे तर चालवत नाही, आणि न जावे तर चौघांचीही गत एकच. ती गेली असे धरू. तेथे मुकादमाने तिला खडीचे माप घालून दिले. पोटाशी मूल असलेल्या बाईचा हातोडा दुपारपर्यंत जेवढा चालावयाचा तेवढाच चालणार. माप भरले नाही, मजुरी कापली गेली, अंगात ताकद कमी झाली, दुसऱ्या दिवशी माप आणखी कमी भरले. या उतरणीला तळ एकच आहे. सशक्ताला हुसकावण्यासाठी लावलेली कसोटी अशक्तालाच आधी हुसकावते, कारण कसोटी पार पाडावयाची तर अंगात बळ लागते आणि बळ असते तर तो कसोटीपाशी आलाच नसता.

मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी ही गोष्ट त्याच वेळी सरकारपुढे मांडली होती. सक्तमजुरीच्या कैद्याला तुरुंगात याहून अधिक अन्न मिळते, तेव्हा निरपराध मजुराला त्याहून कमी देऊन तेवढेच काम घेणे शास्त्राला धरून नाही, दीड रतल धान्य आणि वर डाळ-भाजी याखाली जाता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद बराच गाजला. मद्रास सरकारला काही आठवड्यांतच माघार घेऊन सव्वा रतल आणि थोडी डाळ असा मध्यम मार्ग काढावा लागला. तोवर मधले आठवडे गेले होते, आणि भुकेच्या बाबतीत मधले आठवडे परत देता येत नाहीत.

आपल्याकडे, म्हणजे मुंबई इलाख्यात, जे घडले ते अधिक लक्षात ठेवण्याजोगे आहे. दूरच्या कामावर जाण्याचे आणि घटलेली मजुरी घेण्याचे हजारो लोकांनी चक्क नाकारले. दोन महिन्यांच्या आत सुमारे एक लाख मजूर कामे सोडून निघून गेले. ज्यांच्याजवळ संघटना नव्हती, पुढारी नव्हते, दुसऱ्या वेळचे अन्नही नव्हते, त्यांनी हा संप केला. १८७० साली स्थापन झालेली पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना पुणे ‘सार्वजनिक काका’ म्हणून ओळखत होते, यांच्या पुढाकाराने सभेने गावोगावची हकीकत गोळा केली आणि अर्जांमागून अर्ज सरकारात रुजू केले. अंगावर अंगरखा व डोक्यावर पगडी घातलेल्या वकिलांनी खडी फोडणाऱ्यांच्या भाकरीचे वजन तोलून सरकारला दाखवावे, हा प्रकार त्या काळी नवाच होता. तिकडे जोतीराव फुले व त्यांच्या सत्यशोधक मंडळींनी धनकवडीस अनाथ मुलांसाठी आश्रम काढला. सरकारने हात आखडला की समाजातील काही माणसे हात पुढे करतात, हे खरे. पण एका आश्रमाने किती मुले जगवावीत, याला मर्यादा असते, आणि कपातीच्या पुरस्कर्त्यांनी अशा उदाहरणांकडे बोट दाखवून स्वतःची सुटका करून घेऊ नये.

सरकारने या संपाचा जो अर्थ लावला तो या प्रकरणाचा गाभा आहे. लोक काम सोडून गेले, त्या अर्थी त्यांना कामाची गरज नव्हती; गरज असती तर ते राहिले असते; तेव्हा कामांवरची गर्दी कृत्रिम होती आणि कपातीने ती उघडी पडली, असा सूर सरकारी अहवालांतून उमटला. तर्क निर्दोष दिसतो. दार अरुंद करावे, आत येणारे घटले की दाराची गरजच नव्हती असे अनुमान काढावे, आणि मग दार आणखी अरुंद करावे. या रचनेला खोटे ठरविणारा पुरावा मिळणेच अशक्य असते, कारण जे आत येऊ शकले नाहीत ते बाहेर कोठे गेले याची नोंद ठेवण्याचे काम कोणाकडेही सोपविलेले नसते.

ते कोठे गेले हे अंशतः ठाऊक आहे. काही निजामच्या मुलखात आणि वऱ्हाडात गेले, काही मुंबईस आले, आणि उरलेल्यांची नोंद मृत्यूच्या रजिस्टरात झाली. मात्र तेथेही ‘उपासमार’ या सदराखाली फारशी नाही. पटकी, आमांश, ताप ही सदरे भरली. उपाशी माणूस भुकेने मरण्याआधी बहुधा दुसऱ्या कशाने तरी मरतो, आणि गावचा पाटील जे शेवटचे दिसले ते लिहितो. दोन वर्षांच्या त्या दुष्काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांवर माणसे दगावली, असे मागाहून हिशेब झाले. खर्चाची बचत एका खात्याच्या वहीत जमा झाली, मरणे दुसऱ्या खात्याच्या वहीत गेली, आणि दोन वह्या एकत्र बांधण्याचा रिवाज कोणत्याही कचेरीत नसतो.

१८८० च्या दुष्काळ कमिशनने, स्ट्रॅची हे त्याचे अध्यक्ष, या अनुभवावरून पुष्कळसा शहाणपणा घेतला, असे म्हटले पाहिजे. मजुराला पूर्ण पोटाची मजुरी द्यावी, चालता न येणाऱ्याला गावातच अन्न पोहोचवावे, दुष्काळ जाहीर होण्याआधीच कामांचे आराखडे तयार असावेत, ही तत्त्वे पुढे दुष्काळसंहितांत आली; विणकरासारख्या कारागिराला खडीऐवजी त्याच्या मागावरच काम देण्याची सोयही पुढे झाली. टेंपलसाहेब तोवर मुंबईचे गव्हर्नर होऊन, आपली मुदत संपवून विलायतेस परतही गेले होते.

यानंतरची शंभर वर्षे मी ओलांडून जातो. १९७२ च्या दुष्काळात मात्र थांबले पाहिजे, कारण त्या वेळी महाराष्ट्राने रतलाच्या हिशेबाला उत्तर दिले. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर होती. तो दुष्काळ १८७६ पेक्षा सौम्य नव्हता, तरी १८७७ ची पुनरावृत्ती झाली नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आपल्या तासगाव तालुक्यातील अनुभवावरून जी रोजगार हमी योजना मांडली होती, तिचा पुढे कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, न दिल्यास भत्ता. आणि यासाठी शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले चार रुपये सांगोल्याच्या बांधावर जात होते, आणि त्या कारकुनाने फारशी कुरकुर केली नाही, याची नोंद आपल्या इतिहासकारांनी अजून पुरेशी घेतलेली नाही. येथे पात्रता ठरविणारा कोणी साहेब नव्हता. जो उन्हात खडी फोडावयास तयार तो पात्र. जुन्या तीन जाळ्यांपैकी एकच ठेवली होती, आणि काम गावाजवळ मिळत असल्यामुळे ती बाया-माणसांनाही ओलांडता येत होती.

मग १९८८ आले. किमान वेतनाचा दर दुप्पट झाला आणि रोजगार हमीलाही तो लागू झाला. मजुराच्या दृष्टीने हा विजयच होता. पण तिजोरीची रक्कम दुप्पट झाली नाही, आणि पुढील एकदोन वर्षांत कामावरची हजेरी निम्म्याच्या आसपास उतरली. हमी कायद्यात होती तशीच राहिली. नवी कामे मात्र निघेनात, निघाली ती लांब निघू लागली, मागणीअर्जाची पोच मिळेना, आणि पोच नाही म्हणून भत्ताही नाही. हजेरी घटली म्हणजे लोकांची गरज घटली, असे म्हणणारे याही वेळी निघाले. एकशे अकरा वर्षांनी तोच युक्तिवाद, फक्त टोपी बदललेली. मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली हे आकडे तपासून दाखविले की ही घट गरज कमी झाल्याने नव्हे, कामेच मोजूनमापून दिल्याने आली होती.

आजची कपात याहूनही शांत आहे. तिच्यासाठी व्हाइसरॉय लागत नाही, पाहणी लागत नाही, हुकूमदेखील लागत नाही. फक्त काहीच न करणे पुरते. निराधारांच्या अनुदानासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असावे, अशी आपल्या राज्यात वर्षानुवर्षे अट आहे. भागाकार करून पाहावा: दिवसाला अठ्ठावन्न रुपयांच्या आत, आणि तेही एका माणसाचे नव्हे, घराचे. प्रत्येक वर्षी भाव चढतात, अट जागच्या जागी राहते, आणि एकही नाव न खोडता यादीतून माणसे बाहेर पडत जातात. जो जिवंत आहे त्याला खरे बोलून या अटीत बसणे कठीण, म्हणून दाखल्यावर सोयीचा आकडा घातला जातो. आणि पुढे कधी कोणाला काटकसरीची लहर आली की हाच आकडा त्याच्यावर लबाडीचा पुरावा म्हणून दाखविता येतो. गरिबाला आधी खोटे बोलावयास लावावे आणि मग खोटे बोलतो म्हणून गाळावे, ही युक्ती टेंपलसाहेबांनाही सुचली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात एका तालुक्याच्या गावी, माझ्या स्वतःच्या सातबाऱ्याच्या कामासाठी, मी कचेरीच्या बाकावर अर्धा दिवस बसून होतो. शेजारी एक म्हातारी होती. हयातीचा दाखला द्यावयाचा म्हणून ती सकाळच्या एस.टी.ने आली होती, आणि यंत्र तिचा अंगठा ओळखीत नव्हते. जन्मभर राख लावून भांडी घासलेला तो अंगठा. त्याच्यावरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. तिने तो पदराला पुसला, मग कोणी सांगितले म्हणून थोडे तेल लावून पुसला, मग दुसरे बोट दिले. कारकून तरुण होता आणि उर्मट मुळीच नव्हता; ‘आजी, सोमवारी या, सोमवारी दुसरं मशीन येतंय,’ असे तो म्हणाला. ‘मी हितं बसलीया न्हवं,’ म्हातारी म्हणाली, ‘आन् जित्ती हाय का म्हून कुणाला इचारतूस?’ बाकावरचे सगळे हसले, तोही हसला. सोमवारी ती आली की नाही, मला माहीत नाही. आली नसेल, तर त्या महिन्याच्या अहवालात एक लाभार्थी कमी झाला असेल, आणि वरच्या कचेरीत कोणी तरी त्या आकड्याकडे पाहून समाधान पावला असेल.

वृद्धांना केंद्र सरकारकडून मिळणारे निवृत्तिवेतन १९९५ साली दरमहा पंच्याहत्तर रुपयांनी सुरू झाले. महाराष्ट्र सरकारने स्वतःची भर घालून म्हातारपणाची एकूण रक्कम सहाशे, मग हजार आणि २०२३ पासून दीड हजारांपर्यंत नेली, हे त्याच्या खाती जमा धरले पाहिजे. साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राच्या वाट्याचे दोनशे रुपये मात्र २००७ साली जे होते तेच या ओळी लिहीपर्यंत आहेत. ते कमी करण्याचा हुकूम कधीही निघालेला नाही.